दिवसाआड पाईप

शांतवन,

काल तुला मूठमाती देताना माझा उजवा हात मातीत होता आणि डावा खिशात. खिशात तुझा पाईप होता. तुझा म्हणजे तुझ्या आजोबांचा. पेटीवर माती पडल्याचा आवाज आला तेव्हा मी तो इतका घट्ट धरला होता की तळव्यावर त्याच्या तोंडाचा गोल वळ उठला. आज दुपारी जामखेडला परत पोचलो तोवर वळ गेला होता. पाईप अजून माझ्याकडेच आहे.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. पाळकसाहेब बोलले, हेडमास्तर बोलले. संस्थेचे एक सदस्य खास गाडी करून आले होते, तेही बोलले. 'सत्यप्रिय शिक्षक' असा शब्द त्यांनी वापरला. मी मागे बोरीखाली उभा होतो. मला कुणी बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय बोललो असतो ते देव जाणे. म्हणजे तुझा देव, कारण आमच्या घरात तो नाही.

असं काही मी बोललो की तू हसायचास. आपण दोघं एकाच जूनमध्ये श्रीरामपूरच्या त्या शाळेत लागलो, तू विज्ञानाला आणि मी मराठीला. पहिल्याच आठवड्यात गावं विचारता विचारता कळलं की तुझे आजोबा आणि माझे आजोबा राहुरीकडच्या एकाच गावातले, एकाच महारवाड्यातले, भिंतीला भिंत लागून राहिलेले. तुझे आजोबा मिशनच्या डॉक्टरसाहेबाकडे कामाला लागले आणि ख्रिस्ती झाले. माझ्या वडिलांनी छप्पननंतर बुद्ध धरला. तू म्हणालास, "म्हंजी आपण एकाच बेटातले दोन ऊस. एक गेला मिशनच्या फॅक्टरीला आन् एक नागपूरच्या." स्टाफरूममध्ये कुणाला हसू आलं नाही. आपण मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो.

पाईप साहेबाचा. विलायतेला परत जाताना तो तुझ्या आजोबांना देऊन गेला, कारण रोज संध्याकाळी तो भरून द्यायचं काम त्यांचं होतं. पुढं तो तुमच्या घरात बायबलशेजारच्या फडताळात पडून राहिला. नव्वद साल नुकतंच सरलं होतं तेव्हा एका रविवारी तू तो काढलास आणि म्हणालास, "मिल्या, मास्तर म्हणून आपल्याला काळं कुत्रं विचारत न्हाई. पाईप वडणारा मास्तर पाह्यलाय का कुनी?" एवढंच कारण होतं. त्यात विचार नव्हता की व्यसन नव्हतं. निव्वळ चैन होती, आणि तीही पेटेल तर.

पेटतच नव्हता रे. पाईपची तंबाखू श्रीरामपुरात कुठं मिळणार? स्टँडजवळच्या पानपट्टीवाल्याकडून आपण विडीत भरतात ती तंबाखू आणली. आबांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, लहानपणी साहेबाला ओढताना पाहिलेलं. ते एवढंच म्हणाले की साहेबाच्या तंबाखूला गोड वास यायचा. झालं. तू विज्ञानाचा मास्तर. गुऱ्हाळावरून तांब्याभर काकवी आणलीस आणि तंबाखूत कालवलीस. मी म्हटलं, शांत्या, हे जरा जास्त होतंय. तू म्हणालास, "तू कविता शिकव." दुसऱ्या दिवशी डब्याला मुंग्या लागल्या. तिसऱ्या दिवशी पाटाच्या कडेला बसून आपण अख्खी काडेपेटी संपवली. तो चिकट गोळा धुमसायचा, गुरगुरायचा आणि विझायचा. शेवटी तू चिडून जोरात ओढलंस आणि नळीतला सगळा कडू रस तुझ्या तोंडात आला. पाटाच्या पाण्यानं तू दहा चुळा भरल्यास. मी गवतावर लोळत होतो.

मग कोरडी तंबाखू भरून पाहिली. मी ती दाबून दाबून भरायचो, त्यामुळे हवाच जायची नाही. तू सैल भरायचास, ती भसकन पेटायची आणि जीभ भाजायची. दोघांच्याही जिभा सोलल्या होत्या. वर्गात मला 'ळ' म्हणता येईना. एका संध्याकाळी आबा पाटावर आले, काठी टेकून उभे राहिले आणि आपला तमाशा बराच वेळ बघत राहिले.

"आरं, इंजनावानी काय वडताय? सायेब च्या पेल्यावानी वडायचा. थोडं थोडं. भरताना खाली सैल, वर दाबून. मंग काडी लावायची. वरची तंबाकू फुगून वर येती, तिला खिळ्यानं हळूच दाबायची आन् परत काडी लावायची. पयली काडी नुसती तोंडवळखीची. खरा पेटतो तो दुसऱ्या काडीला."

"आन् विझला तर, आबा?" तू विचारलंस.

"इझतोच की. सायेबाचा बी इझायचा. इझला तर परत पेटवायचा, त्यात काय लाज हाय? तुमी इझलेला वडत बसता, म्हनून तोंड कडू व्हतं."

आबांच्या सांगण्यानं पाईप बराच वेळ पेटता राहू लागला. तरी शेवटपर्यंत नाही. तुझा विझायचा तो बोलण्यामुळं. तोंडात पाईप घेऊन तू कुणाला ना कुणाला झोडपत असायचास. मंत्री, संस्थाचालक, कधी तुझे पाळकसाहेब, कधी माझे पुढारी. वाक्य रंगात आलं की पाईप हातात, आणि परत तोंडाशी नेईपर्यंत थंड. मग नियम कुणी काढला, तू की मी, ते आता आठवत नाही. पाईप दिवसाआड. आज तुझा, उद्या माझा. ज्याच्याकडे पाईप त्यानं गप्प बसून ओढायचं आणि दुसऱ्यानं बोलायचं. सकाळी प्रार्थना झाली की कालच्यानं तो पुसून, रुमालात गुंडाळून आजच्याच्या हाती द्यायचा. दिवसभर शाळेत तो सुकायचा, संध्याकाळी पाटावर पेटायचा.

सव्वा वर्ष हे चाललं. सगळ्या स्टाफरूमला आपली पाळी पाठ झाली होती. हेडमास्तरसुद्धा हजेरीवर सही करता करता विचारायचे, "काय, आज कुणाचा दिवस?" माझ्या दिवशी तू बोलायचास आणि मी ऐकायचो. खरं सांगू, आयुष्यात मला इतकं समजून कुणी कधी बोललं नाही, आणि माझं इतकं निमूट कुणी कधी ऐकलं नाही. लग्न ठरवावं की नाही हे मी तुला तुझ्या दिवशी विचारलं होतं. तू पाईप काढला नाहीस, नुसती मान हलवलीस. त्या मानेवर मी संसार मांडला. हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

आणि मग तो दहावीचा इंग्रजीचा पेपर. मोठ्या हॉलवर आपली दोघांची नेमणूक, दाराशी तू आणि खिडक्यांकडं मी. संस्थेच्या सेक्रेटरीचा मेहुणा मागच्या खिडकीत आला आणि त्यानं आत हात घालून आपल्या मुलीला चिठ्ठ्या दिल्या. मी त्याचं मनगट धरलं. तो हिसके देत होता आणि तू दारातून ओरडलास, "मिल्या, सोडू नको!" तीन शब्द. ते मी आजही तुझ्या आवाजात ऐकतो. मी सोडलं नाही. चिठ्ठ्या जप्त केल्या, रिपोर्ट लिहिला. आठ दिवसांत सगळं उलटलं. मेहुण्यानं लिहून दिलं की प्रश्नपत्रिका मीच खिडकीतून बाहेर दिली आणि वर त्याच्या अंगावर गेलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

चौकशी हेडमास्तरांच्या केबिनमध्ये झाली. संस्थेचे तिघं बसले होते. माझी पिशवी माझ्या पायाशी होती. त्या गडबडीत आपण आठ दिवस पाटावर फिरकलो नव्हतो, त्यामुळं पाळी पेपरच्या दिवशी होती तिथंच अडली होती. पेपरच्या दिवशी माझा दिवस होता. पाईप तेव्हा माझ्या पिशवीत होता आणि चौकशीच्या दिवशीही तिथंच होता.

त्यांनी तुला विचारलं, "सर, तुम्ही काय पाहिलं?"

तू माझ्याकडं बघितलं नाहीस. म्हणालास, "मी त्या वेळी हॉलमध्ये नव्हतो, साहेब. पाईप पेटवायला मागं लिंबाखाली गेल्तो. नवीन माणसाला वेळ लागतो."

त्यातला एकजण हसला. "शिका, शिका," म्हणाला. हेडमास्तर टेबलावरच्या काचेकडं बघत बसले. कुणाचा दिवस होता हे त्यांनाही माहीत होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी ते विचारलं नाही.

शांतवन, मी वाकून पिशवी उघडली असती आणि तो रुमाल टेबलावर ठेवला असता तर? केवढंसं काम होतं. माझा हात बंदापर्यंत गेलाही होता. मी थांबलो. आजवर लोकांना मी सांगत आलो की मैत्रीखातर थांबलो, तुझी अब्रू राखली. ते खोटं आहे. तो माझा ताठा होता. पाईप माझ्याकडे होता, म्हणजे गप्प बसायची पाळी माझी आणि बोलायची तुझी. तू तुझ्या तोंडानं खरं बोलशील, आत्ता बोलशील, असं मला वाटत राहिलं. एरवी तोंडात पाईप असतानासुद्धा ज्याला गप्प बसवत नव्हतं, तो त्या दिवशी रिकाम्या तोंडानं गप्प बसला. पुरावा नाही म्हणून माझी नोकरी राहिली. बदली झाली, संस्थेच्या जामखेडच्या शाळेत. दोन महिन्यांनी तू कायम झालास.

मी निघालो त्या दिवशी तू स्टँडवर आलास. हातात आबांनी दिलेली पेरूची पिशवी होती. गाडी लागायची होती. तू म्हणालास, "मिल्या, तुझी बदली झाली. माझी नोकरी गेली असती. मी अजून कच्चा व्हतो. तुला मागं सवलत हाय, तुझी जागा राखीव हाय. माझ्यामागं काय हाय? चर्चची घंटा?"

मी म्हणालो, "घंटा तुझ्या आजोबानं निवडली."

"आन् भिंत एकच व्हती ना आपली? एका भिंतीच्या अल्याड सवलत आन् पल्याड न्हाई, हे मी ठरवलं का?"

हा आपला वाद अर्धाच राहिला. सहा वर्षं मी जामखेडच्या ओसाड माळावर फिरताना तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधतो आहे. तुझ्यावर अन्याय होता हे खरं, आणि तू माझ्यावर केलास हेही खरं. पण त्या वेळी उत्तर सापडेना म्हणून मी हाताला लागला तो दगड उचलला. म्हणालो, "तुझा आजोबा साहेबाचा पाईप भरत होता. तू आता संस्थेचा भर. पाईप भरणारी अवलाद तुमची."

तू पेरूची पिशवी बाकावर ठेवलीस आणि गेलास. पेरू मी घेतले नाहीत, गाडीत चढलो. नगर यायच्या आत लक्षात आलं की पाईप माझ्याच पिशवीत आहे.

पाठवून देता आला असता. आपल्या गाड्या नगरवरून रोज येतात-जातात, कुणाही ओळखीच्या कंडक्टरच्या हाती दिला असता तरी तुला पोचला असता. मी दिला नाही. मागेल, म्हटलं. बापजाद्यांची वस्तू आहे, एक कार्ड तरी टाकेल, आणि ते कार्ड टाकताना त्याला कबूल करावं लागेल की पाईप माझ्याकडं होता. हा माझा डाव. तूही मागितला नाहीस. पत्र्याच्या पेटीत, माझ्या सर्टिफिकिटांच्या खाली, तो सहा वर्षं पडून राहिला. मी तो एकदाही पेटवला नाही. बायको दर दिवाळीला पेटी आवरताना म्हणायची, "तो ज्यांचा हाय त्यांना देऊन टाका की." मी म्हणायचो, मागू दे.

आबा गेले तेव्हाही मी आलो नाही. ह्याची मला लाज वाटते. बाकीच्या गोष्टींचा राग येतो, ह्याची मात्र लाजच वाटते.

परवा शेजारच्या एसटीडी बूथवर निरोप आला. मी पेटी उघडून पाईप खिशात टाकला आणि निघालो. मनात काय होतं, विचारशील तर सांगता येत नाही. तुझ्या पेटीत ठेवावा, नाहीतर वहिनींच्या हातात द्यावा, नाहीतर त्या सत्यप्रियवाल्यापुढं ओट्यावर ठेवून विचारावं, सांगा साहेब, त्या दिवशी कुणाचा दिवस होता? यातलं काहीच झालं नाही. खिशातून हातच निघाला नाही.

माती झाल्यावर घरी गेलो. मार्थावहिनींनी चहा पुढं केला. रडून त्यांचा आवाज बसला होता.

"भाऊजी, पाईप तुमच्यापाशीच हाय ना?"

"हो," मी म्हणालो.

"असू द्या. मी मागत न्हाई. ते म्हणायचे, पाईप मिलिंदपाशी हाय, म्हंजी बोलायची पाळी माझी हाय. दर नाताळला म्हणायचे, औंदा जामखेडला जाऊन येतो. दोनदा गेले स्टँडपस्तोर. गाडी लागलेली असायची आन् हे माघारी यायचे. मी म्हनलं, आवो, पत्र लिवा. तर म्हणायचे, हे लिवायचं न्हाई, तोंडानं बोलायचं हाय."

मी कप खाली ठेवला. वहिनी परत म्हणाल्या, "आबांच्या टायमाला तुमची लई वाट पाह्यली त्यांनी. दारातच बसून हुते. म्हणत हुते, तो आला की आज बोलतोच."

म्हणजे तुला सगळं आठवत होतं. नियम, पाळी, पाईप कुणाकडं आहे ते. माझी समजूत अशी होती की तू विसरलास, गब्बर झालास, कायमच्या नोकरीत रुळलास. त्या समजुतीवर मी सहा वर्षं तुझा राग जोपासला, आणि खरं सांगतो, त्या रागानं मला बरी सोबत केली. वहिनींनी चहाच्या कपाबरोबर तोही काढून घेतला. आता मी कशाच्या आधारावर तुझ्यावर चिडू? आणि चिडू नको म्हणतोस तर स्टँडवरून माघारी का फिरलास रे? चार तासांचा तर रस्ता. आलास असतास, दारात उभा राहिला असतास, एक शब्द बोलला नसतास तरी मी पेटी उघडली असती. निदान मला तसं वाटतं. कदाचित मी दारही उघडलं नसतं. तेही खरं असू शकतं.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. मेलेल्या माणसाला माफ करणं फार सोपं असतं, त्यात काही पुरुषार्थ नाही. तू मला माफ केलं होतंस की नाही हेही मी वहिनींना विचारलं नाही. स्टँडवर तुझ्या आजोबांबद्दल जे बोललो ते शब्द मात्र परत घेतो. साहेबाचा पाईप भरणारा तो माणूस माझ्या आजोबांचा शेजारी होता. त्याला मी तसं बोलायला नको होतं.

आज संध्याकाळी घरामागच्या ओट्यावर बसलो. तंबाखू आणली होती, विडीचीच, काकवी न घालता. आबांनी सांगितल्याप्रमाणे भरली, खाली सैल, वर दाबून. पहिली काडी लावली, तोंडओळखीची. फुगलेली तंबाखू खिळ्यानं हळूच बसवली. दुसरी काडी लावली, चहा प्यायल्यासारखे दोन घोट घेतले आणि पाईप खरा पेटला. मग तो समोर ठेवला, ओट्याच्या तुझ्या बाजूला, आणि ही वही घेतली. तू स्टँडवर गेलास त्या जागी पोचलो तोवर तो विझला. परत पेटवला. आबांच्या जागी पुन्हा विझला. पुन्हा पेटवला. आत्ता हे लिहिताना तिसऱ्यांदा विझला आहे, आणि काडेपेटी संपली आहे.

सकाळी मी तो पुसून रुमालात गुंडाळीन. सवय आहे. रविवारी श्रीरामपूरला येऊन वहिनींच्या हातात देईन, बायबलशेजारच्या फडताळात ठेवा म्हणून. पाईप आता तुझा, शांत्या, आणि तुझा दिवस आता मावळायचा नाही. ज्याच्याकडं पाईप त्यानं गप्प बसायचं, तसा तू बसला आहेस. नियमानं आज बोलायची पाळी माझी होती, म्हणून एवढं बोललो. सहा वर्षांनी पाळी आली, ती ऐकणारा गेल्यावर.